पूर ओसरला, घरातला गाळ कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेकाठी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत आलं. पहिल्या वेळी गाळ काढायला आठ दिवस गेले आणि वडिलांची कंबर धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही. दुसऱ्या वेळी तेच घर दोन दिवसांत मोकळं झालं. गाळ तेवढाच होता, फक्त काम करायची रीत बदलली होती.

ती रीत थोरल्या काकांनी दाखवली. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये त्यांचं प्रशिक्षण झालं आणि पुढे कितीतरी हिवाळे हिमालयातल्या चौकीवर दारातला बर्फ काढण्यात गेले. गाळाकडे बघून ते म्हणाले, "हे बर्फासारखंच हाय. उचलाय गेलास की कंबर गेली. ढकलायचं." तेव्हापासून गावात आणि पाहुण्यांकडे ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना जे सांगत आलो, ते इथे लिहून काढलं आहे.

पाणी उतरलं, लगेच आत जाऊ का?

नाही. आधी दिवसाउजेडी घराला बाहेरून एक फेरी मारा. आपल्याकडे अजून पुष्कळ घरं मातीच्या भिंतींची, वर कौलं. अशी भिंत पाण्यात उभी असते तोवर दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार मिळतो. पाणी गेलं की भिजून जड झालेली भिंत एकटी पडते. म्हणून पूर असताना टिकलेलं घर ओसरल्यावर बसतं. भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात उभी भेग पडली असेल, चौकट तिरकी होऊन दार अडकत असेल किंवा कौलांची ओळ खाली झुकली असेल, तर आत पाऊल टाकू नका. दार जोर लावून उघडू नका. त्या चौकटीवरच वरचा भार टेकलेला असू शकतो. गावातल्या जाणत्या गवंड्याला दाखवा, एक-दोन दिवस गेले तरी चालतील.

नंतर वीज. मेन स्विच बंद आहे असं मानून चालू नका. मीटरपर्यंत पाणी आलं असेल तर त्याला हात लावायचा नाही, हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, १९१२ वर कळवायचं आणि लाइनमन येऊन बघेपर्यंत थांबायचं. इन्व्हर्टर असेल तर त्याचं विशेष ध्यान ठेवा, कारण खांबावरची वीज गेली तरी त्याची बॅटरी चालूच असते. सिलिंडर वाहून आडवा झाला असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा. काडी पेटवू नका.

गाळ काढायच्या आधी पंचनामा व्हायला हवा का?

निदान फोटो तरी हवेत. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी माणूस उभा करून एक फोटो घ्या म्हणजे उंची कळते. मग प्रत्येक खोली, गाळात रुतलेलं सामान, पडलेली भिंत, मेलेलं जनावर. हे झाल्यावर तलाठ्याला आणि पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कळवा. त्यांची वाट बघत घर चार दिवस तसंच ठेवायचं का, तर माझ्या मते नाही. पडलेल्या भागाला हात लावू नका, राहत्या खोल्या मोकळ्या करायला घ्या.

२०१९ ला कर्नाटक सरकारने पडझडीप्रमाणे घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी केली होती आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले होते. कोणत्या वर्गात नाव बसतं ते पंचनाम्याच्या कागदावर ठरतं. तो कागद कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून, घरात शाळेत जाणारं पोर असलं तर त्याच्याकडून का होईना, ओळ न् ओळ वाचून घ्या.

ओला असताना काढावा की वाळू द्यावा?

ओलाच. जमलं तर पाणी पुरतं निघून जायच्या आधीच.

हाच सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात. २०१९ ला आम्हीही चुकलो. वडील म्हणाले, चार उन्हं लागू देत, वाळला की ढेकळं उचलून टाकू. ऐकायला बरोबर वाटतं. पण आपल्याकडची काळी माती तशी नाही. घरात गुडघाभर पाणी असतं तेव्हा तळातला गाळ आंबिलीसारखा पातळ असतो. पाणी घोट्याला आलं की पिठल्यासारखा होतो. पाणी निघून एक दिवस गेला की मळलेल्या कणकेसारखा. आणि चार उन्हं लागली की विटेसारखा. आम्ही विटा खणून काढल्या. कुदळीने सोप्यातल्या तीन शहाबादी फरश्या फुटल्या त्या वेगळ्याच.

२०२१ ला पाणी घोट्यापर्यंत उतरलं तसे आम्ही आत शिरलो. भिंती पक्क्या होत्या, वीज तोडलेली होती. माजघराच्या शेवटच्या कोपऱ्यापासून खराट्याने गाळ ढवळत, फळीने दाराकडे ढकलत आलो. उतरतं पाणी गाळाला आपल्याबरोबर घेऊन जातं. जे बुट्टीने (टोपलीने) वाहावं लागलं असतं त्यातलं निम्म्याहून जास्त पाण्यानेच बाहेर नेलं. पाणी संपत आलं तेव्हा परड्यातल्या, म्हणजे घरामागच्या, खड्ड्यातलं पाणी आणून ओतलं. चांगलं पाणी या कामाला लागत नाही, ते शेवटच्या धुण्याला राखून ठेवा.

गाळ आधीच वाळला असेल तर कुदळ घेऊ नका. आदल्या संध्याकाळी त्यावर पाणी मारा, भिजवलेली पोती अंथरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी खोऱ्याच्या कडेने वीतभर चौकोन कापत गेलं की वड्यांसारखा सुटतो.

पुन्हा पाणी चढलं तर सगळं वाया जाईल ना?

जाईल, म्हणून सुरुवात करायच्या आधी वरची खबर घ्या. आपल्या पट्ट्यात पूर येतो तो बऱ्याचदा वरच्या पाण्यामुळे. वेदगंगेकाठच्या लोकांनी पाटगाव धरणाकडे लक्ष ठेवायचं, दूधगंगेकाठच्यांनी काळम्मावाडीकडे. कृष्णाकाठी मांजरी, अंकली, यडूरला कोयनेचा विसर्ग आणि पंचगंगेचं पाणी दोन्ही बघावं लागतं, कारण राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणीही शेवटी कृष्णेतच येतं. गोकाककडे हिडकल धरण. खानापूरच्या मलप्रभेचं वेगळं आहे, तिथे कणकुंबीच्या घाटात पाऊस किती पडला यावरच सगळं ठरतं.

एका खोलीत असा किती गाळ असतो?

बघून अंदाज येत नाही, म्हणून हिशोबच मांडतो. दहा बाय बाराची खोली, त्यात अर्धा फूट गाळ. म्हणजे ६० घनफूट. ओल्या गाळाचं वजन धरलं तर जवळजवळ तीन टन. चौदा-पंधरा किलोची एक बुट्टी म्हटली तरी दोनशे बुट्ट्या. एका खोलीच्या.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो. एकट्या माणसाने उत्साहाने सुरू केलेलं काम तिसाव्या बुट्टीला का थांबतं ते यातून कळतं. चार जण नसतील तर सुरू करू नका. शेजाऱ्याचं घर आणि आपलं घर आळीपाळीने करा. आमच्या गल्लीत पाच घरांनी असंच वारंगुळ्याने केलं, शेतातल्या भांगलणीला करतात तसं.

अवजारं कोणती लागतात?

दोन खोरी, चार-पाच बुट्ट्या, दोन राठ खराटे, एक मोठा रबरी वायपर, आणि मळणीच्या खळ्यावर धान्य ओढायला वापरतात तशी दांडा लावलेली फळी. फळी नसली तर जुन्या दाराचा तुकडा किंवा जाड पत्रा दांड्याला ठोका. गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. गाळात काचा, पत्रे, खिळे असतात आणि दिसत एकही नाही.

हे सगळं पावसाळ्याच्या आधी घरात असायला हवं. जुलै २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर हे मार्ग तर जोराच्या पावसात दरवर्षीच बंद पडतात. नेमका ज्या दिवशी गमबूट पाहिजे त्या दिवशी बाजाराला जाता येत नाही. आमची फळी आणि खोरी आता माळ्यावर असतात.

खोरं कसं चालवायचं? कंबर धरते.

आपलं खोरं आणि काकांचं बर्फाचं फावडं यांत एक फरक आहे. बर्फाचं फावडं सरळ असतं, पुढे ढकलायचं. आपल्या खोऱ्याचं पातं वळलेलं, ते आपल्याकडे ओढायचं असतं. दांडाही आखूड, त्यामुळे माणूस कमरेतून वाकतो आणि वाकलेलाच राहतो. दिवसभर असं केलं की संध्याकाळी सरळ होता येत नाही. म्हणून पहिलं काम, खोऱ्याला छातीएवढा लांब दांडा बसवून घ्या. दुसरं, पातळ गाळाला खोरं वापरूच नका, फळीने ढकला. खोरं फक्त घट्ट थरासाठी.

ढकलताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले. जोर मांडीचा लावायचा, पाठीचा नाही. फळी जमिनीला टेकलेलीच राहिली पाहिजे. काका माझ्या मागे उभे राहून बघायचे आणि फळी जरा वर उचलली गेली की दांड्यावर हात ठेवून खाली दाबायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. तासाभरात हात वळला.

बुट्टी अर्धीच भरायची. हे कुणी ऐकत नाही, विशेषतः तरणी पोरं. भरलेली बुट्टी उचलताना गाळात पाय घसरतो आणि पाठीत उसण भरते ती तिथेच. बुट्टी उचलताना अंगाला लावून धरा, आणि वळायचं असेल तर कमरेतून पिळू नका, पाय फिरवा. त्याहून चांगलं म्हणजे साखळी करा. दारापासून गाडीपर्यंत माणसं समोरासमोर उभी राहिली की कुणालाच चालावं लागत नाही. डोक्यावर बुट्टी घेऊन गाळातून चालू नका, सवय असली तरी नाही.

अर्धा तास काम, दहा मिनिटं बसणं. पाऊस थांबलेला असतो, हवा कोंदट असते, घाम दिसत नाही पण जातो. मीठ-साखर घातलेलं पाणी किंवा आंबील जवळ ठेवा.

कोणत्या खोलीपासून सुरुवात करायची?

आधी दारापासून आत शेवटपर्यंत फळीच्या रुंदीची एक वाट मोकळी करा. अडचण आली तर पळायला ती वाट लागते. मग शेवटच्या खोलीतून बाहेर या.

मातीच्या मधल्या भिंती असतील तर एक गोष्ट जपा. एका बाजूची खोली पूर्ण रिकामी आणि दुसऱ्या बाजूला फूटभर ओला गाळ असं ठेवू नका. त्याचा दाब भिंतीवर एकाच बाजूने येतो. दोन्ही खोल्यांतला थोडा थोडा काढत खाली या.

काळा गाळ पात्याला चिकटून बसतो. काय करू?

पातं आणि फळी कोरडी करून वापरलेलं तेल चोपडा. शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी पातं बुचकळा. काका सांगतात, तिकडे बर्फ चिकटू नये म्हणून फावड्याला मेण किंवा ग्रीस लावायचे. तसंच हे.

आमच्या खानापूरकडे गाळ तांबडा असतो, त्यालाही हेच लागू का?

बहुतेक तेच. तांबड्या मातीत रेती जास्त, पाणी लवकर निथळतं, चिकटत कमी, म्हणून काम सोपं. पण डाग जात नाही. भिंत त्याच दिवशी वरून खाली धुवा, नाहीतर गिलाव्यात रंग उतरतो.

काढलेला गाळ टाकायचा कुठे?

गटारात नाही, एवढं तरी सगळ्यांनी पाळावं. सगळी गल्ली गटारात ढकलते आणि पुढच्या पावसाला तेच पाणी मागच्या दाराने घरात येतं. भिंतीच्या बुडाशी ढीगही लावू नका, ओल तशीच राहते. ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीच्या तोंडाला उभी करा किंवा पंचायतीला जागा विचारा. शेतात टाकायचा असेल तर आधी काचा, प्लास्टिक वेचून काढा. उसाच्या रानात चालेल. भाजीच्या वाफ्यात नको, त्यात गावभरच्या संडासाचं पाणी मिसळलेलं असतं.

गाळात साप असतात का?

गाळात कमी, कोरड्या उंचवट्यावर जास्त. पुरात सापही जागा शोधत असतो. शेणींचा ढीग, जळण, माळा, पोती, उलटी पडलेली भांडी, तिथे नाग, घोणस, मण्यार काहीही निघू शकतं. हात घालायच्या आधी लांब काठीने हलवा. रात्री काम करू नका, मण्यार रात्रीच फिरते.

चावला तर त्या माणसाला आडवं करा, हलू देऊ नका. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, देवळात नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर उतारा एकच, तिथलं इंजेक्शन.

हे काम कुणी करू नये?

हृदयाचा त्रास असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, गरोदर बायका, पायाला जखम असलेले. मधुमेह असलेल्यांना पायाची जखम जाणवत नाही, त्यांनीही गाळात उतरू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवत नाही, हे मला माहीत आहे. आपल्या हाताने बांधलेलं घर असतं. त्यांना भांडी धुवायला, कागद वाळवायला द्या, खोरं देऊ नका. काम करताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, थंड घाम फुटला तर 'गॅस झाला असेल' म्हणून बसू नका, त्याच क्षणी दवाखाना.

नंतर ताप आला तर?

गाळात काम केल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस बारीक जखमेतून अंगात शिरतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी उठतो. थंडी वाजून ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची खूण. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर एक रात्रही थांबू नका. लवकर कळला तर औषधाने बरा होतो. तो होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर ते घेऊन टाका.

ब्लीचिंग पावडर कशी वापरायची?

गाळावर नुसती भुरभुरवून काही होत नाही. आधी गाळ काढा, साबणाच्या पाण्याने घासा, मग वीस लिटरच्या बादलीत सुमारे ५० ग्रॅम पावडर विरघळवून फरशी आणि हात पोहोचेल तितकी भिंत पुसा. दहा मिनिटं ओली राहू द्या. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. दारं उघडी ठेवा.

विहिरीचं पाणी कधी प्यायचं?

पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर आधी उपसावी लागते. पण काठाची माती भिजलेली असताना एका दमात उपसू नका, कडा ढासळतात. आणि तळ साफ करायला कुणालाही असंच खाली सोडू नका, आत प्राणवायू कमी असतो. नवं पाणी आल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. निदान एक तास पाणी ओढायचं नाही. तरीही पावसाळाभर उकळूनच प्या.

भिजलेला जोंधळा आणि तांदूळ?

माणसाला नाही, जनावरालाही नाही. बुरशी धरतो. मनाला लागतं, पण टाका. स्टीलची भांडी उकळत्या पाण्यात घालून वापरता येतात.

भिंतींना रंग कधी देऊ?

पुढच्या उन्हाळ्यात. दिवाळीला रंगवलेली भिंत संक्रांतीला पापुद्रे सोडते. तोवर कपाटं भिंतीपासून हातभर लांब ठेवा, दारं-खिडक्या दिवसा उघडी ठेवा आणि भिंतीला श्वास घेऊ द्या. घाई असेल तर साधा चुना मारा, त्यातून ओल बाहेर पडते.

उतारे, दाखले, फोटो भिजलेत.

चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. ताटात स्वच्छ पाणी घ्या, त्यात कागद तरंगू द्या, चिखल आपोआप सुटतो. बोटाने घासू नका, शाई जाते. मग सुती कापडावर एकेक पान सुटं करून सावलीत ठेवा, उन्हात वाकतं. लग्नाचा अल्बम असेल तर त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी फोटो एकमेकांत वितळतात. आईने आमचे तीस-पस्तीस फोटो असे वाचवले, माळ्यावरच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून.